दमा असलेल्यांना स्ट्रोकचा धोका जास्त असतो का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी.

माझ्या दादाला (वय ५८) तीन आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला. सकाळी दाढी करताना हातातलं रेझर गळून पडलं, ते उचलायला वाकला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतंय. आता घरी आणलंय, फिजिओथेरपी सुरू आहे.

दादाला आणि मला, दोघांनाही लहानपणापासून दमा आहे. हॉस्पिटलमध्ये राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी फाईल चाळताना वहिनीला विचारलं, "दमा किती वर्षांपासून?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं "त्याचाही थोडा वाटा असू शकतो" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

दमा छातीचा आणि स्ट्रोक मेंदूचा, अशीच माझी समजूत होती. दोघांचा खरंच संबंध आहे का? असला तर किती? आणि हे पंपामुळे तर होत नाही ना? गेल्या वर्षभरात दादाने पंप फार वापरला होता. मी ४९ ची आहे आणि काल रात्री पंप तोंडाशी नेताना माझा हात थबकला, म्हणून विचारतेय. अनुभव असो, वाचलेलं असो, सांगा.

खारूताई
पिंपळपान, दादा लवकर बरे होवोत. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा होते, व्यायाम एकही दिवस चुकवू देऊ नकोस. आणि कृपा करून पंप बंद करू नकोस. बाकीचं जाणकार सांगतीलच.

तिसरा_प्रहर
मलाही दमा आहे, त्यामुळे हा विषय मी बराच वाचून काढलाय. थोडक्यात उत्तर: संबंध दिसतो, पण मध्यम आहे.

वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१६ साली केलेल्या विश्लेषणात दमा असलेल्या प्रौढांमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण १.३ पट निघाला. नंतर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'मेसा' ह्या मोठ्या अभ्यासातून एक निरीक्षण आलं. त्यांनी पाच हजारांहून जास्त लोकांच्या मानेतल्या कॅरोटिड धमन्यांची सोनोग्राफी केली. मेंदूला रक्त नेणाऱ्या ह्याच त्या धमन्या. दमा नसलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या धमनीत चरबीचे थर (प्लाक) सापडले. दमा अधूनमधून उसळणाऱ्यांतही निम्म्यांच्याच आसपास. पण रोज औषध लागणारा दमा ज्यांना होता, त्यांच्यात हे प्रमाण ६७ टक्के होतं. वय, बीपी, धूम्रपान वगैरेंचा हिशेब करूनही फरक उरला.

१.३ पट वाचून घाबरायला होतं, म्हणून उदाहरण देतो. समजा हजार माणसांत दहा वर्षांत ३० जणांना स्ट्रोक येतो. तर त्याच वयाच्या, तशाच तब्येतीच्या हजार दमेकऱ्यांत तो ३९ जणांना येईल. म्हणजे हजारातल्या ९६१ जणांना येणार नाही. नऊ माणसं जास्त ही काही कमी गोष्ट नाही, पण दमा आहे म्हणजे आज ना उद्या स्ट्रोक येणारच असंही नाही.

वाटाड्या
तिसरा_प्रहर, माहिती चांगली आहे पण दोन गोष्टी खटकल्या.

मेसामध्ये रोज औषध लागणारे दमेकरी शंभराच्या थोडेच वर होते. एवढ्या छोट्या गटावरून किती ताणायचं? शिवाय धमनीत थर दिसणं आणि स्ट्रोक येणं ह्यांत अंतर आहे. साठीपुढच्या निम्म्या लोकांत तो थर असतो, त्या सगळ्यांना काही स्ट्रोक येत नाही.

दुसरं म्हणजे धूम्रपान. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या लोकसंख्येवर झालेल्या प्रचंड अभ्यासात (२०१५) दमेकऱ्यांचे दोन गट केले होते, कधीच सिगारेट न ओढलेले आणि ओढणारे. हृदयविकार, स्ट्रोक ह्यांचा मुख्य बोजा ओढणाऱ्यांवरच निघाला. आणि ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात (२०१६) ज्या दहा कारणांशी जवळपास ९० टक्के स्ट्रोक जोडले गेले, त्यांत दम्याचं नावच नाही. पहिला नंबर बीपीचा, आणि तोही फार पुढे. माझं म्हणणं एवढंच की दम्याच्या मागे धावताना खरा चोर निसटायला नको.

कवडसा
वाटाड्याशी सहमत. पिंपळपान, दादा सिगारेट ओढायचे का? आणि बीपी?

रानफूल
मला 'पंपामुळे तर नाही ना' ह्या प्रश्नावर लिहायचंय, कारण ह्याच प्रश्नाने आमचं घर बुडता बुडता वाचलं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला फोनवर कुणीतरी एक संदेश पाठवला. पंपाने हृदय कमजोर होतं, रक्त गोठतं, असं काहीतरी. त्याने मला न सांगता सकाळ-संध्याकाळचा पंप बंद केला. पहिले दहा-बारा दिवस काहीच झालं नाही, त्यामुळे संदेश खराच वाटला. मग रात्रीचा खोकला. मग उशा दोनाच्या तीन झाल्या. एकविसाव्या रात्री तो पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता, खांदे वर-खाली होत होते आणि मी काय विचारतेय त्याचं उत्तर एका शब्दापलीकडे देता येत नव्हतं. ओठ जांभळट. छातीतली शिट्टीसुद्धा थांबली होती. मला वाटलं बरं वाटायला लागलं. नंतर कळलं की शिट्टी थांबणं हीच सगळ्यात वाईट खूण, कारण वाजायलाही हवा लागते. पाच दिवस आयसीयू.

त्या पाच दिवसांत त्याला जेवढं स्टेरॉइड शिरेतून द्यावं लागलं, तेवढं पंपातून जायला कितीतरी वर्षं लागली असती. पिंपळपान, तुझा हात थबकला हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आज रात्री पंप घे.

पिंपळपान
रानफूल, घेतला. तुझा प्रतिसाद वाचून लगेच उठून घेतला.

कवडसा, दादाने सिगारेट कधीच ओढली नाही. बीपीचं वहिनीला नक्की माहीत नाही. जुन्या फाईली काढायला सांगते.

सांजवेळ
मी फिजिशियन आहे. समोर न तपासलेल्या पेशंटच्या औषधांबद्दल बोलणार नाही, पण संबंध कुठून येतो ते सांगते.

दम्यात श्वासनलिकांना सतत सूज असते. ती सुजेची रसायनं नळ्यांपुरती राहत नाहीत, थोडी रक्तात उतरतात. धमनीच्या अस्तरावर चरबीचा थर बसतो, त्यामागेही सूजच असते. म्हणून वर्षानुवर्षं धुमसणारा दमा आणि धमन्या ह्यांचं नातं असू शकतं. ह्यावर अजून काम चालू आहे.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती हृदयाच्या ठोक्यांची बाजू. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ह्या विकारात स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो. नॉर्वेच्या 'हंट' अभ्यासात (२०१८) चोपन्न हजारांवर माणसांवर लक्ष ठेवलं होतं. दमा असलेल्यांत हा विकार ३८ टक्के जास्त आढळला. ज्यांचा दमा आटोक्यात नव्हता, त्यांच्यात तो ७४ टक्के जास्त होता. बेशिस्त ठोके, अचानक धडधड, विनाकारण थकवा असेल तर ईसीजी काढाच. एका ईसीजीत सापडलं नाही तर होल्टर, म्हणजे २४ तास किंवा जास्त वेळ ठोके नोंदवणारं यंत्र.

तिसरं, औषधं. दमा उसळला की तोंडाने घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या वारंवार लागल्या तर बीपी, शुगर, वजन तिन्ही वाढतात. पंपातल्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती बरीचशी जागेवरच काम करते. दोघांना एका तागडीत घालू नका. उलट नियमित पंपामुळेच त्या गोळ्यांची वेळ टळते.

पंपही दोन प्रकारचे. एक रोजचा, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा. दुसरा साल्ब्युटामॉलचा निळा पंप, तो नळी तात्पुरती उघडतो, सुजेला हातही लावत नाही. त्याने हात थरथरतात, ठोके वाढतात, फार घेतला तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'जीना'ने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की प्रौढांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. वर्षाला २०० पफचे तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील, तर दम्याचा मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. पिंपळपान, दादांनी "फार वापरला" तो कोणता पंप, ते बघा.

वाटाड्या, तुमचा मुद्दा बरोबर आहे, बीपी सगळ्यात पुढे. पण एक भर घालते. दमेकरी माणूस दम लागेल म्हणून जिना टाळतो, चालणं टाळतो. वीस वर्षं असं गेलं की वजन आणि बीपी दोन्ही चढतात. तुमच्या त्या दहांच्या यादीत व्यायामाचा अभाव आहे ना? दमा त्या दारानेही आत येतो.

गोकर्ण
सांजवेळताई, फार उपयोगी प्रतिसाद. मी ॲस्पिरिनबद्दल लिहितो. गुठळी होऊ नये म्हणून ती देतात, त्यामुळे स्ट्रोक आणि दमा एकाच माणसाला असले की ही गोळी मध्ये येतेच.

मला दमा चाळिशीत लागला. नाकात पॉलिप्स (मांसाचे मऊ कोंब), वास जवळजवळ गेलेला. एकदा गुडघा दुखला म्हणून दुखण्याची साधी गोळी घेतली. अर्ध्या तासात नाकाचा नळ सुटला, डोळे लाल, चेहरा तापला आणि छाती अशी आवळली की पंपाचे सहा पफ घेऊनही उघडेना. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन घटनांची सांगड घातली. ॲस्पिरिन आणि त्याच जातीच्या वेदनाशामकांनी दमा उसळणं, नाकात पॉलिप्स आणि दमा, असं हे त्रिकूट आहे. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण सात टक्क्यांना ते असतं, तीव्र दमा असलेल्यांत त्याहून जास्त.

मागच्या वर्षी मला टीआयए, म्हणजे थोड्या वेळात ओसरणारा छोटा स्ट्रोक, झाला. डावा हात दहा मिनिटं माझा नव्हताच, मग परत आला. हॉस्पिटलमध्ये नेहमीप्रमाणे ॲस्पिरिनची गोळी पुढे आली. बायकोने माझ्या पाकिटातलं कार्ड काढून दाखवलं, त्यावर लाल शाईने 'ॲस्पिरिन नको, दमा उसळतो' लिहिलंय. डॉक्टरांनी लगेच त्याऐवजी क्लोपिडोग्रेल हे गुठळी रोखणारं दुसरं औषध दिलं. पिंपळपान, दादांना ॲस्पिरिन चालू असेल आणि त्रास नसेल तर बंद करू नका, बहुतेक दमेकऱ्यांना ती चालते. फक्त नाक आणि छाती ह्यांवर लक्ष असू द्या.

दवबिंदू
मग स्ट्रोकची शंका आली तर घरी ॲस्पिरिन चघळायला द्यायची ना? आमच्या घरी तेच ठरलंय.

सांजवेळ
दवबिंदू, नाही! ते छातीत दुखण्याबद्दल ऐकलेलं असेल. स्ट्रोक दोन प्रकारचा असतो, गुठळीचा आणि रक्तस्रावाचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक सीटी स्कॅनवरच कळतो. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने आगीत तेल. शिवाय गिळण्याचे स्नायू लुळे असू शकतात, गोळी किंवा पाणी सरळ फुफ्फुसात जातं. तोंडाने काहीही द्यायचं नाही.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं जड किंवा असंबद्ध, ह्यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि सीटी असलेल्या हॉस्पिटलला निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. मोठी नस बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. पण वाट बघू नका, मेंदूच्या पेशी मिनिटाला १९ लाखांच्या हिशेबाने मरतात.

आणि जाताना पंप व औषधांची यादी सोबत घ्या. दमा आहे हे कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात सांगा.

दवबिंदू
बाप रे. बरं झालं विचारलं. घरच्यांना आत्ताच सांगते.

तिसरा_प्रहर
अवांतर, पण औषधांवरून आठवलं. प्रोप्रॅनोलॉल ही गोळी बीपी, मायग्रेन, हात थरथरणं अशा कितीतरी गोष्टींसाठी देतात आणि दमेकऱ्याची श्वासनलिका ती आवळू शकते. काचबिंदूवरच्या टिमोलॉलच्या थेंबांनीही तेच होतं. डोळ्यातला थेंब छातीत काय करणार असं वाटतं, पण माझ्या सासूबाईंचा तीन महिन्यांचा 'बळावलेला दमा' थेंब बदलल्यावर आठवड्यात बसला. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

कवडसा
+१. आणि बीपीच्या रामिप्रिल जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. माझ्या बाबांनी तो दम्याचा समजून दोन महिने पंप वाढवला होता. गोळी बदलली आणि खोकला गेला.

उंबरठा
इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच हवं. माझ्या आईला दमा, आणि चार वर्षांपूर्वी उजव्या बाजूचा लकवा. दादा घरी आलेत म्हणजे तुम्हाला हे आता लागणार.

स्ट्रोकनंतर आईच्या पंपाचं काय करायचं हे डिस्चार्जच्या कागदावर एका ओळीत होतं: 'पूर्वीप्रमाणे चालू ठेवणे'. पण पूर्वीप्रमाणे जमेचना. पंप दाबायला अंगठ्यात जोर नाही. डाव्या हाताने दाबला तर श्वास ओढायची वेळ चुकते. आणि तोंडाची उजवी कड सैल, त्यामुळे ओठ पंपाभोवती मिटत नव्हते, औषधाचा पांढरा धूर त्या फटीतून बाहेर. आम्ही पंधरा दिवस समजत होतो की औषध जातंय. धाप वाढत गेली तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं. तिने आईसमोर बसून सांगितलं, "आजी, पंप घेऊन दाखवा," आणि नुसतं बघितलं. तेवढ्यात सगळं कळलं.

मग मास्क लावलेला स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणला. मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा, मी पंप हलवून एकदाच दाबायचे, आणि आई पाच-सहा साधे श्वास घ्यायची. श्वास आणि दाबणं जुळवायची गरजच नाही. दुसरा पफ हवा तर पुन्हा हलवून. पावडरचे पंप मात्र अशा वेळी अवघड, ते जोरात ओढावे लागतात.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची असते, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात. पण गिळायला त्रास असलेल्या माणसाला चूळ द्यायची म्हणजे ठसका. आम्ही ओल्या गॉझने जीभ, गाल आतून पुसून घ्यायचो, मास्कखालचा चेहराही पुसायचो. आणि जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घाई नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला तर तो दरवेळी दमा नसतो, अन्न चुकीच्या नळीत गेलेलं असू शकतं. आईचा एक न्यूमोनिया आम्ही दमा समजून दोन दिवस घरी काढला. त्या दोन दिवसांबद्दल मला अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

रानफूल
उंबरठा, हा प्रतिसाद मी लिहून ठेवतेय. दोन दिवसांचं मनाला लावून घेऊ नकोस, कुणालाच कळलं नसतं गं.

वाटाड्या
उंबरठाताई, नमस्कार तुम्हाला.

सांजवेळताईंचं 'त्या दारानेही आत येतो' हे पटलं. मी दमा आणि बीपी असे दोन वेगळे संशयित धरत होतो, ते एकमेकांना हात देतात हे लक्षात घेतलं नव्हतं. तरी पिंपळपानला एक विचारतो: फाईल सापडली का?

पिंपळपान
सापडली. उशीर झाला, सगळे प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवत होते.

दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेला तेव्हाचा एक कागद मिळाला. कोपऱ्यात पेनाने '१६०/१००, फिजिशियनला दाखवणे'. दाखवलं नव्हतं. डोकं जड झालं, जिन्यात धाप लागली, की आम्ही सगळेच म्हणायचो दमा उठलाय.

मग कपाटाचा खण उघडला. निळे रिकामे पंप नऊ. पावडरीपेक्षा सोपा म्हणून दिलेला दुसरा पंप, रोज दोनदा घ्यायचा, तो एकच. १२० पफचा, त्याच्या पाठीवरच्या खिडकीत आकडा ११२. आठ पफ घेऊन ठेवून दिलेला, मुदतही उलटलेली. नऊ गुणिले दोनशे म्हणजे अठराशे पफ. वर्षभर रोज पाच. मी शेजारच्याच खोलीत असायचे कितीदा तरी, तो फुसफुस आवाज ऐकायचे, आणि पंप घेतोय म्हणजे औषध घेतोय असं समजून निश्चिंत व्हायचे.

काल दोन्ही कागद आणि दोन्ही पंप पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो. तेच राऊंडवाले डॉक्टर. ह्या वेळी खाली बसून बोलले. म्हणाले, मुख्य कारण बीपीच, पण दमा वर्षभर मोकाट होता आणि त्यानेच बीपी झाकलं. होल्टर पुढच्या आठवड्यात. पंप बदललाय, स्पेसर दिलाय, ॲस्पिरिन त्याला सोसते आहे. माझंही बीपी बघितलं, १४८/९२ निघालं. आठवडाभर घरी मोजून परत बोलावलंय.

आज संध्याकाळी वहिनीने स्पेसर धरला. दादाने तिचा हात हळूच बाजूला केला, डाव्या हाताच्या अंगठ्याने स्वतः पंप दाबला आणि श्वास मोजत बसला. मोजताना ओठ हलत होते. "पाच" स्पष्ट म्हणाला.

खारूताई
डोळ्यांत पाणी आलं. दादांना सांग, आम्ही सगळ्यांनी ऐकलं ते "पाच".

उंबरठा
किती छान! पिंपळपान, स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून काढ आणि तसाच हवेवर वाळू दे. फडक्याने आतून पुसू नकोस, घासल्याने प्लास्टिक औषधाचे कण स्वतःकडे ओढून धरतं. आणि मास्कची कडा महिन्याने बघत जा, आमची तिथेच चिरली होती.